पंचांचा निर्णय अंतिम राहील
(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या सातारा-सांगली भागात जत्रा, उरूस किंवा गणेशोत्सव जवळ आला की चौकाचौकांत स्पर्धांचे फलक लागतात. कुठे कबड्डी, कुठे कुस्त्यांचे मैदान, कुठे व्हॉलीबॉल, तर शहरांतून बास्केटबॉलही. बक्षिसांच्या रकमा मोठ्या अक्षरांत आणि देणगीदारांची नावे त्याहून मोठ्या अक्षरांत असतात. अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते : ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील.’ ही ओळ आपण इतक्या वेळा वाचलेली असते की तिच्यावर विचार करण्याची गरज कोणाला वाटत नाही. निर्णय अंतिम राहील हे खरे. परंतु तो अंतिम राहावा म्हणून पंचाच्या हाती आपण काय दिलेले असते? एखादा धिप्पाड खेळाडू छाती काढून समोर उभा राहिला आणि त्याच्यामागे त्याच्या गावची पन्नास पोरे उभी राहिली, तर पंचाने काय करावयाचे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करण्याचा माझा प्रयत्न आहे.

मी महाविद्यालयाच्या संघातून कबड्डी खेळतो आणि जिमखान्याच्या आंतरवर्गीय बास्केटबॉल सामन्यांत गुणलेखकाच्या टेबलावर बसतो. त्या टेबलावर बसले म्हणजे एक फायदा होतो. खेळाडूला चेंडू दिसतो, प्रेक्षकाला खेळाडू दिसतो, गुणलेखकाला मात्र पंच दिसतो. कोणता पंच कोणत्या क्षणी कचरला आणि त्याचा पुढच्या दहा मिनिटांवर काय परिणाम झाला, हे तेथून स्पष्ट कळते. या निरीक्षणाला नियमावलीच्या वाचनाची जोड देऊन हा लेख लिहीत आहे.

राग आणि दमदाटी

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. राग येणे म्हणजे दमदाटी नव्हे. सोपा बास्केट हुकला म्हणून स्वतःवर चिडून मांडीवर हात आपटणारा खेळाडू कोणालाच दमात घेत नसतो. तो क्षणभराने आपोआप शांत होतो आणि पंचाने त्याच्याकडे दुर्लक्ष करणेच शहाणपणाचे असते. दमदाटीत मात्र एक हिशेब असतो. झालेला निर्णय आता बदलणार नाही हे खेळाडूलाही ठाऊक असते. त्याला हवा असतो तो पुढचा निर्णय. ‘आता ओरडून ठेवले म्हणजे पुढच्या वेळी शिट्टी वाजवताना पंच दोनदा विचार करील’, असा तो हिशेब आहे.

ही दमदाटी तीन वाटांनी येते. एक वाट प्रतिस्पर्ध्याकडे जाते. बास्केटबॉलमध्ये टोमणे मारणे, प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांसमोर हात नाचवून त्याला दिसू न देणे, चेंडू हातात धरून कोपरे गरागरा फिरवणे, हे तिचे नमुने. दुसरी वाट पंचाकडे जाते. प्रत्येक शिट्टीला दोन्ही हात पसरून ‘काय हे!’ असा अभिनय करणे, चार-पाच जणांनी मिळून पंचाला घेरणे, त्याच्या अंगाला अंग लागेल इतके जवळ जाणे. तिसरी वाट प्रेक्षकांतून वळसा घेऊन येते. खेळाडू पंचाला एक शब्दही बोलत नाही. तो फक्त प्रेक्षकांकडे पाहून हातवारे करतो आणि उरलेले काम प्रेक्षक करतात. ही तिसरी वाट सर्वांत धूर्त. पंचाला खेळाडूचे काहीच ‘ऐकू’ आलेले नसते, म्हणून तो गप्प राहतो. वस्तुतः प्रेक्षकांना चिथावणारे हावभाव हा बास्केटबॉलच्या नियमांत स्वतंत्र गुन्हा आहे.

येथे आपल्या मातीतला एक प्रश्न उभा राहतो. शड्डू ठोकणे ही दमदाटी म्हणायची का? मला तसे वाटत नाही. हलगीच्या ठेक्यावर आखाड्यात उतरताना मल्ल शड्डू ठोकतो ती त्याची सलामी असते, आणि कबड्डीत चढाईला जाताना मांडी थोपटणे हाही जुना रिवाज आहे. पण पकड झाल्यावर खाली पडलेल्या गड्याच्या तोंडाशी जाऊन तीच मांडी थोपटली तर तो रिवाज राहत नाही. हावभाव तोच, पण तो कोणाला उद्देशून आणि कोणत्या क्षणी केला यावर त्याचा अर्थ ठरतो. म्हणूनच पंचाला नियमांइतकीच माणसांचीही पारख असावी लागते.

अहिल्यानगरचा धडा

हा प्रश्न काल्पनिक नाही, हे महाराष्ट्राने अगदी अलीकडे पाहिले. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरी स्पर्धेत गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळ आणि शिवराज राक्षे समोरासमोर होते. पंचांनी राक्षे चितपट झाल्याचा निर्णय दिला. आपले दोन्ही खांदे गादीला टेकलेच नव्हते, असे राक्षे यांचे म्हणणे होते. वाद वाढला आणि राक्षे यांनी पंचांची कॉलर धरून त्यांना लाथ मारली. हे दृश्य घराघरांत दूरचित्रवाणीवर आणि मोबाईलवर पाहिले गेले. त्याच दिवशी मोहोळ आणि महेंद्र गायकवाड यांच्या अंतिम कुस्तीतही गुणावरून वाद होऊन गायकवाड लढत सोडून गादीबाहेर गेले. मोहोळ महाराष्ट्र केसरी ठरले. राक्षे आणि गायकवाड या दोघांवर कुस्तीगीर परिषदेने तीन वर्षांची बंदी जाहीर केली.

तो निर्णय बरोबर होता की चूक, हा या लेखाचा विषय नाही. त्यावर आमच्या वसतिगृहात दोन तट पडले आणि अजून कोणी कोणाला पटवू शकलेले नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. निर्णय चुकला असे क्षणभर धरून चालू. तरी लाथेने खांदा टेकला की नाही हे ठरते का? आणि निर्णय बरोबर होता असे धरले, तर तो तत्काळ सर्वांना पटवून देण्याची सोय तेथे भक्कम हवी होती की नको? या दोन प्रश्नांत माझ्या लेखाचे सार आहे.

याआधी दोनच वर्षांपूर्वी, जानेवारी २०२३ मध्ये, पुण्यात कोथरूडला झालेल्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत एका डावाला दिलेल्या गुणांवरून असाच गदारोळ झाला. त्यानंतर पंचांना दूरध्वनीवरून धमकी आली आणि प्रकरण पोलिसांत गेले. म्हणजे शिट्टी वाजल्यावर आणि मैदान रिकामे झाल्यावरही पंचाच्या मागची दमदाटी संपत नाही. तो घरी पोहोचल्यावर तिथे फोन वाजतो.

जुन्या मातीतल्या कुस्तीत असे वाद कमी होते का? अर्थातच होत असत. तथापि तेथे बहुधा एकच प्रश्न असे : पाठ लागली की नाही? लागली तर निकाल, नाही तर कुस्ती बरोबरीत सोडवली जाई. गादीवर गुण आले, वेळ आली, ताबा आला, आणि त्याबरोबर प्रत्येक सेकंदाला पंचाचा निर्णय आला. जेथे निर्णय अधिक, तेथे नाराजीच्या जागाही अधिक. त्यातच विजेत्याला मोटारगाडी, मानाची गदा आणि पुढे नोकरीची आशा. दोन सेकंदांच्या एका निर्णयावर इतका भार पडल्यावर पंचाचा अधिकार केवळ फलकावरच्या ओळीने टिकेल, ही अपेक्षा भाबडी आहे.

बास्केटबॉलची शिडी

या बाबतीत बास्केटबॉलकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. अमेरिकेत स्प्रिंगफिल्ड येथे डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ शोधला, तेव्हा त्याचे नियम अवघे तेरा होते. त्या तेरांतही धक्का देणे, पाय घालणे, मारणे यांना शिक्षा होती. पहिल्या वेळी फाऊल, दुसऱ्या वेळी पुढचा गोल होईपर्यंत बाहेर, आणि इजा करण्याचा हेतू दिसला तर संपूर्ण सामन्यासाठी बाहेर, तेही बदली खेळाडू न देता. आणि चेंडूवर लक्ष ठेवणारा एक व माणसांवर लक्ष ठेवणारा दुसरा, असे दोन वेगळे अधिकारी नेमले होते. म्हणजे खेळाच्या जन्माबरोबरच शिक्षेची शिडीही जन्मली.

आज आंतरराष्ट्रीय महासंघाच्या म्हणजे फिबाच्या नियमांत ही शिडी अधिक बारीक झालेली आहे. सर्वांत खालची पायरी ताकिदीची. ताकीद न जुमानणे, पंचांशी किंवा प्रतिस्पर्ध्याशी उर्मटपणे वागणे, टोमणे मारणे, खेळ मुद्दाम लांबवणे, फाऊल मिळावा म्हणून खोटे पडणे, यासाठी टेक्निकल फाऊल. त्याची किंमत प्रतिपक्षाला एक फ्री थ्रो. खेळाच्या भावनेला सोडून अंगावर जाणे यासाठी अनस्पोर्ट्समनलाइक फाऊल. त्याची किंमत दोन फ्री थ्रो आणि वर चेंडूचा ताबा. एकाच खेळाडूवर असे दोन टेक्निकल, किंवा दोन अनस्पोर्ट्समनलाइक, किंवा प्रत्येकी एक झाला की तो सामन्यातून बाद. आणि उघड हिंसा केली तर पहिल्याच वेळी डिसक्वालिफाइंग फाऊल. खेळाडूने राखीव खेळाडूंच्या बाकावर बसणेही चालत नाही, त्याने कपडे बदलण्याच्या खोलीत जावे किंवा इमारत सोडावी. प्रशिक्षकालाही यातून सूट नाही. त्याच्या वर्तनाबद्दल दोन टेक्निकल झाले की तोही बाहेर.

या शिडीचा मोठा गुण हा की पहिली पायरी फार स्वस्त आहे. एक फ्री थ्रो म्हणजे फार तर एक गुण. म्हणून ती वापरायला पंच भीत नाही. जेथे पंचाच्या हाती फक्त ‘काहीच नाही’ आणि ‘बाहेर काढा’ या दोनच गोष्टी असतात, तेथे तो बराच काळ काहीच करीत नाही, आणि मग एकदम बाहेर काढायची वेळ येते तेव्हा परिस्थिती त्याच्या हातात राहिलेली नसते. फुटबॉलमध्ये पिवळे व लाल कार्ड १९७० च्या विश्वचषकात प्रथम वापरात आले, त्यामागेही हाच विचार होता की शिक्षेच्या पायऱ्या सर्वांना, अगदी भाषा न समजणाऱ्यालाही, डोळ्यांनी दिसाव्यात.

शिडी असूनही वेळेवर आवर बसला नाही तर काय होते, याचे उदाहरण बास्केटबॉलमध्येच आहे. १९ नोव्हेंबर २००४ रोजी अमेरिकेत इंडियाना आणि डेट्रॉइट या व्यावसायिक संघांचा सामना संपायला एक मिनिटाहूनही कमी वेळ उरला होता आणि निकाल जवळजवळ ठरलेला होता. एका फाऊलवरून दोन खेळाडूंत धक्काबुक्की सुरू झाली. ती लगेच मिटवून खेळाडूंना वेगळे करण्यात वेळ गेला. तेवढ्यात प्रेक्षकांतून एक पेला खेळाडूच्या अंगावर आला, खेळाडू प्रेक्षकांत घुसले आणि उरलेला सामना खेळवताच आला नाही. नऊ खेळाडूंवर निलंबनाची कारवाई झाली. त्यांपैकी रॉन आर्टेस्ट यांना त्या हंगामातले उरलेले सगळे सामने मुकावे लागले. सुरुवात एका फाऊलची होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

कबड्डीची कार्डे आणि दोन सामने

आपल्या कबड्डीतही आता ही शिडी आहे. हिरवे कार्ड म्हणजे ताकीद, पिवळे कार्ड म्हणजे दोन मिनिटे मैदानाबाहेर, लाल कार्ड म्हणजे सामन्यातून बाहेर. पिवळ्या कार्डाची दोन मिनिटे कबड्डीत फार जड जातात, कारण तेवढा वेळ संघ एका गड्याने कमी खेळतो आणि लोण पडण्याची भीती असते. त्यामुळे त्या खेळाडूला आवरण्याचे काम पंचाआधी त्याचेच सहकारी करू लागतात.

गेल्या मोसमात तालुका पातळीवरचे दोन सामने मी लागोपाठच्या आठवड्यांत पाहिले. गावांची नावे सांगण्याची गरज नाही. पहिल्या सामन्यात एक नावाजलेला चढाईपटू पहिल्या मिनिटापासून प्रत्येक निर्णयावर सरपंचाशी हुज्जत घालत होता. सरपंच वयस्क, भला माणूस. ‘जाऊ दे, खेळ पुढे’ असे म्हणत त्यांनी त्याला चार वेळा सोडले. मध्यंतरापर्यंत त्या संघाचे सातही जण हुज्जत घालू लागले होते. उत्तरार्धात बोनस रेषेवरच्या एका निर्णयानंतर प्रेक्षक मैदानात आले आणि दोर तुटला. सामना अर्धवट राहिला, बक्षीस दोन्ही संघांत वाटून दिले गेले. जो संघ शांतपणे खेळून सहा गुणांनी पुढे होता, त्याला निम्मेच मिळाले.

दुसऱ्या सामन्यात पंच तरुण होता. तिसऱ्याच मिनिटाला एका खेळाडूने पकड झालेल्या गड्याच्या अंगावर ओरडून हात नाचवले. पंचाने शिट्टी वाजवली, त्याच्यापासून दोन पावलांवर उभे राहून हिरवे कार्ड दाखवले, कर्णधाराला जवळ बोलावून एक वाक्य सांगितले आणि खेळ सुरू केला. सगळे मिळून पंधरा सेकंद लागले असतील. तो सामना अटीतटीचा झाला, शेवटच्या चढाईवर निकाल लागला, पण त्या पंचावर आवाज चढवायला पुढे कोणी आले नाही. दोन्ही सामन्यांत खेळाडू आपल्याच भागातले, प्रेक्षकही तेच. फरक होता तो पहिल्या पाच मिनिटांतल्या पंधरा सेकंदांचा.

पंचाने काय करावे?

वरील विवेचनावरून काही सूत्रे काढता येतील असे मला वाटते.

सामन्यापूर्वीच पंचाचे काम सुरू होते. बास्केटबॉलमध्ये पंचांचा अधिकार सामन्याच्या नियोजित वेळेआधी वीस मिनिटे सुरू होतो, तो उगीच नव्हे. त्या वेळात दोन्ही कर्णधारांना व प्रशिक्षकांना एकत्र बोलावून सांगावे की पंचाशी फक्त कर्णधार बोलेल, तोही सभ्यपणे आणि खेळ थांबलेला असताना. एकदा सर्वांसमक्ष सांगितल्यावर पुढे दिलेली शिक्षा कोणाला अचानक वाटत नाही.

पहिला अपराध लहान असतानाच शिक्षा करावी. ज्याला शिक्षा करायची तो गावचा लाडका खेळाडू असो किंवा बाकावरचा राखीव खेळाडू असो, माप एकच असावे. पहिल्या मिनिटाचे आणि शेवटच्या मिनिटाचे मापही एकच असावे. शेवटच्या मिनिटात डोळेझाक करणारा पंच आपण मोठे मन दाखवतो असे समजतो, पण प्रत्यक्षात तो सामना दांडगाईच्या हवाली करीत असतो.

शिक्षा देताना आवाज वाढवू नये. ओरडणारा पंच भ्यालेला दिसतो. बोट नाचवू नये, खेळाडूच्या अंगाला हात लावू नये. निर्णय एका वाक्यात सांगावा आणि तेथून दूर व्हावे. बास्केटबॉलमध्ये टेक्निकल फाऊल देणारा पंच सरळ गुणलेखकाच्या टेबलाकडे चालू लागतो आणि दुसरा पंच त्या खेळाडूला बाजूला घेतो. ही पद्धत प्रत्येक खेळात उचलण्यासारखी आहे. ज्याने शिक्षा दिली तोच समजूत घालू लागला की समजुतीचे भांडण होते.

चूक फेडण्याच्या मागे लागू नये. आपला आधीचा निर्णय जरा कडक झाला असे वाटून पुढचा निर्णय त्या संघाच्या पदरात टाकणे म्हणजे एका चुकीच्या दोन चुका करणे होय. दमदाटी करणाऱ्याला नेमके हेच हवे असते. नियमाने जेथे चूक दुरुस्त करण्याची सोय दिली आहे तेथे ती उघडपणे दुरुस्त करावी. जेथे सोय नाही तेथे पुढे जावे.

प्रेक्षकांशी पंचाने स्वतः भांडू नये. खेळ थांबवावा, आयोजकांना बोलवावे आणि मैदान मोकळे झाल्याशिवाय शिट्टी वाजवू नये. मुलींच्या सामन्यांत तर हे विशेष महत्त्वाचे आहे. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी यांनी तो मान मिळवला. आपल्या भागातल्या मुली आता मैदानात येत आहेत. त्यांच्यावर दमदाटी येते ती पुष्कळदा प्रतिस्पर्ध्याकडून नव्हे, तर दोराबाहेर उभ्या असलेल्या टवाळांकडून. ‘ते मैदानाबाहेरचे आहे’ असे म्हणून पंचाने कानावर हात ठेवले तर ती मुलगी पुढच्या वर्षी खेळायला येणार नाही.

शेवटची गोष्ट लेखी अहवालाची. घडलेला प्रकार त्याच संध्याकाळी, कोण, केव्हा, काय बोलला किंवा काय केले एवढेच, विशेषणांशिवाय लिहून आयोजकांकडे द्यावा. तोंडी तक्रारी दुसऱ्या दिवशी चहाबरोबर मिटवल्या जातात. कागद मिटवणे तितके सोपे नसते.

दाद मागण्याची वाट

येथवर मी पंचाची बाजू मांडली. पण एवढ्यावर थांबलो तर लेख अपुरा राहील. पंचही माणूस आहे आणि तो चुकतो. चुकलेल्या निर्णयाविरुद्ध बोलायला जागाच नसेल तर खेळाडूच्या मनात साचलेले कोठे जाणार?

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवले. त्याआधी मद्रासच्या स्पर्धेत आपल्याला जाणूनबुजून एक गुण कमी दिला गेला असे त्यांना वाटले. त्यांनी पंचावर हात टाकला नाही. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी पुन्हा लढत लावून दिली आणि खाशाबांनी तोच प्रतिस्पर्धी चितपट केला, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. पुढे हेलसिंकीत जपानच्या इशी यांच्याशी दीर्घ लढत झाल्यावर नियमाने मिळावयाची विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले, आणि नियमावर बोट ठेवायला तेथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता, असेही सांगतात. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मुद्दा ध्यानात येतो. एका ठिकाणी दाद मागायला वाट होती, तेथून एक ऑलिंपिक पदक निघाले. दुसऱ्या ठिकाणी हक्क कागदावर होता, पण तो मागणारे माणूस नव्हते.

बास्केटबॉलने ही वाट नियमात बांधून ठेवली आहे. सामना संपल्यावर पंधरा मिनिटांच्या आत कर्णधाराने मुख्य पंचाला निषेध कळवून गुणपत्रिकेवर ठरलेल्या जागी सही करावयाची, आणि पुढे कारणे लेखी द्यावयाची. आंतरराष्ट्रीय कुस्तीत गादीवरचा पंच, बाजूचा न्यायाधीश आणि गादीप्रमुख असे तिघे असतात, आणि प्रशिक्षकाला चित्रफीत पाहण्याची मागणी करता येते. मात्र मागणी खोटी ठरली तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. ही अट मला फार शहाणपणाची वाटते. तक्रारीला जागा आहे, पण तक्रार फुकट नाही.

आमच्या तालुका स्पर्धांत कॅमेरे नसतील; पण एक निषेध अर्ज, एक पेन आणि सामन्याशी संबंध नसलेल्या तिघांची तक्रार समिती, एवढे तर गावची पंचमंडळीही देऊ शकतात.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा घेतला जातो की इतकी शिस्त लावली तर खेळातली रग जाईल. मला हे पटत नाही. रग चढाईत दिसावी, पकडीत दिसावी. पंचाच्या कानाशी ओरडण्यात कसली रग?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो दयेपोटी येतो. ‘गरिबाचे पोर आहे, त्याचे वर्ष वाया जाईल, सोडून द्या.’ या युक्तिवादाचे वजन मला कळते. राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, आणि ज्यांच्या घरातून महाविद्यालयात आलेले पहिलेच माणूस आम्ही आहोत, त्यांना एक प्रमाणपत्र म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. घरी आई-वडील सामन्याचा निकाल विचारतात तेव्हा ते खरोखर नोकरीविषयी विचारीत असतात. म्हणूनच पराभवाच्या क्षणी एखाद्याचे डोके फिरते. परंतु समोरच्या संघातही असेच कोणाचे तरी पोर असते. ते गप्प राहिले म्हणून त्याचे गरज कमी होत नाही. दांडगाई करणाऱ्याला दया दाखवताना पंच त्या गप्प मुलाच्या खिशातून ती दया देत असतो. खरी दया म्हणजे तिसऱ्या मिनिटाला दाखवलेले हिरवे कार्ड; कारण त्याने त्या मुलाला लाल कार्डापासून आणि तीन वर्षांच्या बंदीपासून वाचवता येते.

आणखी एक परिणाम विसरून चालणार नाही. आपल्याकडे पंच म्हणून येणारे बहुतेक जण शाळामास्तर किंवा जुने खेळाडू असतात. मानधन तुटपुंजे, प्रवास स्वतःच्या खर्चाने. त्यांच्या अंगावर कोणी धावून गेले की ते पुढच्या वर्षी नम्रपणे नकार कळवतात. मग यजमान गावातलाच कोणीतरी शिट्टी घेऊन उभा राहतो, त्याच्यावर पक्षपाताचा आरोप होतो, पुन्हा भांडण होते, आणि दोन वर्षांत ती स्पर्धाच बंद पडते. मैदान रिकामे होते ते असे.

समारोप

शिवाजी विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धांच्या निमित्ताने कोल्हापूर, सांगली, सातारा या जिल्ह्यांतले संघ दरवर्षी एकमेकांच्या महाविद्यालयांत जातात. आपल्या जिमखान्याने पुढील वर्षी यजमानपद घेतले तर माझ्या तीन सूचना आहेत. सामन्यापूर्वी कर्णधार आणि पंच यांची पाच मिनिटांची बैठक सक्तीची करावी. गुणलेखकाच्या टेबलावर निषेध अर्जाचे कोरे कागद ठेवावेत. आणि पंचाने दिलेल्या प्रत्येक कार्डाचा व टेक्निकल फाऊलचा लेखी अहवाल त्या त्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांकडे पाठवावा. यासाठी खर्च जवळजवळ काहीच नाही.

प्राध्यापक मंडळींनी आणि विद्यार्थी मित्रांनी यावर विचार करावा. त्यांतल्या कोणाला उन्हात शिट्टी घेऊन उभे राहण्याची हौस असेल, तर पंच परीक्षेचा अभ्यास आपण एकत्र करू. खेळणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. कमतरता आहे ती निर्णय देऊन त्यावर ठाम उभे राहणाऱ्यांची.